किरणोत्सारी आयोडीनचा उपचार झालेले मांजर घरी आल्यावर घ्यायची काळजी

न्यू जर्सीतील आमच्या घरी चिंगी उपचार घेऊन परतली, तेव्हा तिच्या पिंजऱ्याच्या दांडीला एक पिवळी चिठ्ठी अडकवलेली होती आणि बरोबर चार पानांचे सूचनापत्र होते. शेवटच्या पानावर माझी सही उपचार केंद्राने आधीच घेतली होती. मी ते घरी शांतपणे वाचले, तेव्हा लक्षात आले की चारपैकी अडीच पाने मांजराविषयी नव्हतीच. ती तिच्या लिटरविषयी, म्हणजे शौचासाठी ठेवलेल्या वाळूविषयी होती. पुढच्या अडीच-तीन महिन्यांत या प्रमाणाचा अर्थ चांगलाच कळला. असे मांजर घरी आणणारी बहुतेक माणसे त्याला हात लावायला घाबरतात आणि त्याच्या कचऱ्याकडे मात्र पुरेसे लक्ष देत नाहीत. काळजीचा मोठा वाटा कचऱ्याला द्यायला हवा, म्हणून या लेखातही तोच भाग सर्वांत लांब झाला आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा करते. मांजर घरी सोडण्याचे नियम अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि प्रत्येक केंद्राचे सूचनापत्रही थोडे वेगळे असते. कोठे मांजराला तीन ते पाच दिवसांत सोडतात, तर कोठे एक-दोन आठवडे ठेवून घेतात. ब्रिटनमध्ये हा मुक्काम त्याहूनही लांबू शकतो. येथे दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. आपल्या सहीच्या कागदावरचा आकडा वेगळा असेल, तर तोच पाळावा.

मांजराच्या अंगात नेमके काय असते

मांजरांमध्ये थायरॉइड ग्रंथी अतिक्रियाशील होण्याच्या आजाराची नोंद अमेरिकेत १९७९-८० च्या सुमारास झाली. आज तो म्हाताऱ्या मांजरांचा अगदी नेहमीचा आजार समजला जातो. दहा वर्षांपुढचे मांजर भरपूर खाऊनही वाळत जाते, रात्री-अपरात्री ओरडते, सारखे पाणी पिते आणि त्याचे हृदय धडधडत राहते. बहुतेक वेळा ग्रंथीत झालेली गाठ साधी असते. कर्करोग क्वचितच निघतो. थायरॉइडची क्रिया दाबणाऱ्या मेथिमाझोलच्या गोळ्या जन्मभर देता येतात किंवा शस्त्रक्रिया करता येते, परंतु आयोडीन-१३१ चे एकच इंजेक्शन सुमारे ९५ टक्के मांजरांचा आजार कायमचा बरा करते. दिवसातून दोनदा मांजराच्या घशात गोळी उतरवण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते, मग ते साधे असो वा किरणोत्सारी. आयोडीन-१३१ मधून बाहेर पडणारे बीटा कण ऊतीत एक-दोन मिलिमीटरच जातात आणि अतिक्रियाशील पेशी जागच्या जागी नष्ट करतात. उपचार होतो तो त्यांच्यामुळे. त्याच आयोडीनमधून गॅमा किरणही निघतात. ते मात्र शरीराबाहेर येतात, आणि जवळ बसणाऱ्या माणसाला थोडीफार मात्रा मिळते ती यांच्यामुळे. ग्रंथीने न घेतलेले आयोडीन पहिल्या काही दिवसांत मुख्यतः लघवीतून आणि काही अंशी विष्ठेतून व लाळेतून बाहेर पडते. मांजर दिवसभर स्वतःला चाटत असल्याने लाळेतला अंश त्याच्या केसांवरही येतो. मांजराला देण्यात येणारी मात्रा साधारण २ ते ५ मिलिक्युरी (किरणोत्सारिता मोजण्याचे एकक) असते. थायरॉइडच्या कर्करोगासाठी माणसाला देतात ती बहुधा ३० ते १५० मिलिक्युरी असते, हे तुलनेसाठी ध्यानात ठेवावे.

आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे आहे, म्हणजे दर आठ दिवसांनी त्याची किरणोत्सारिता निम्मी होते. मांजराच्या शरीरातून ते याहून लवकर कमी होते, कारण क्षय आणि उत्सर्जन या दोन्ही गोष्टी एकदमच चालू असतात. बांधून ठेवलेल्या पिशवीतून मात्र काहीच बाहेर जात नाही. तेथे केवळ क्षयावर विसंबावे लागते. म्हणूनच मांजरावरचे निर्बंध साधारण दोन आठवड्यांत उठतात आणि पिशवीवरचे ऐंशी दिवस राहतात. हा फरक एकदा नीट समजला की सूचनापत्रातील निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात.

आणायला जाण्यापूर्वी

मांजर परत येण्याच्या आदल्या दिवशी घरात त्याच्यासाठी एक खोली ठरवावी. तेथे जमिनीवर गालिचा नसावा. असलाच, तर लिटर बॉक्सखाली आणि त्याच्या भोवती हातभर जाड प्लास्टिक अंथरावे. आम्ही तळमजल्यावरचे फरशीचे न्हाणीघर आणि त्याला लागून असलेली छोटी खोली निवडली. लिटर बॉक्सला आतून प्लास्टिकची पिशवी लावावी, म्हणजे लघवी थेट बॉक्सला लागत नाही. गोळा होणारे लिटर वापरले तर लघवीचे खडे अखंड उचलता येतात. आपोआप साफ होणारी यंत्रे या काळात बंद ठेवावीत, कारण त्यांच्या फिरत्या भागांत अडकलेला मल धुऊन काढणे हीच एक नवी अडचण होऊन बसते.

एकदा वापरून टाकायचे हातमोजे, घट्ट प्लास्टिकच्या पिशव्या, कागदी टॉवेल, कागदी चिकटपट्टी आणि जाड शाईचे पेन एवढ्या वस्तू त्याच खोलीत झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. लिटर उपसण्याचा झाराही तेथेच राहू द्यावा. गराजमध्ये किंवा तळघराच्या कोपऱ्यात, जेथे कोणी तासन्‌तास बसत नाही आणि मुले खेळत नाहीत, अशा ठिकाणी पिशव्या साठवण्यासाठी झाकणाचा मोठा डबा ठेवावा. शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खोलीची भिंत त्याच कोपऱ्याला लागून असेल, तर दुसरी जागा पाहावी.

गाडीतून आणताना पिंजरा मागच्या आसनावर, चालकापासून शक्य तितका लांब ठेवावा. गर्भवती स्त्रीने किंवा लहान मुलांनी या प्रवासात बरोबर येऊ नये. पिंजऱ्यात जुने टॉवेल घालावेत, कारण वाटेत लघवी होण्याची शक्यता असतेच, आणि केंद्राचा कागद गाडीत हाताशी ठेवावा. गस्ती पथकांजवळ आणि सीमेवरच्या नाक्यांवर किरणोत्सर्ग ओळखणारी उपकरणे असतात. वॉशिंग्टन राज्यात महामार्गावरून वेगाने चाललेल्या एका मोटारीत किरणोत्सर्गाचा स्रोत असल्याचे सीमा गस्त दलाच्या उपकरणाने टिपले होते. ती थांबवल्यावर आत सापडले ते तीन दिवसांपूर्वी किरणोत्सारी उपचार झालेले एक मांजर. या दोन आठवड्यांत मांजराला विमानाने किंवा सीमेपलीकडे नेऊ नये, एवढे बरे.

लिटर

लिटर रोज उपसावे, शक्य असल्यास दिवसातून दोनदा. साठून राहिलेली लघवी म्हणजे त्या खोलीतला किरणोत्साराचा सर्वांत मोठा साठा असतो, आणि मांजर तिच्यावरून चालत गेले तर पंजांना लागून ती घरभर पसरते. हे काम घरातल्या एकाच प्रौढ व्यक्तीने करावे. गर्भवती किंवा स्तनपान देणाऱ्या स्त्रीने आणि मुलांनी ते मुळीच करू नये. साफसफाईसाठी बाहेरून कोणी येत असेल, तर या खोलीत जायचे नाही हे त्यांना कारणासह सांगावे. नुसते नको म्हटलेले काम पुष्कळदा प्रेमापोटी केले जाते.

हातमोजे घालावेत, झाऱ्याने खडे आणि विष्ठा उचलून लहान पिशवीत टाकावे, पिशवीतील हवा काढून तोंड बांधावे, ती दुसऱ्या पिशवीत घालावी. त्यानंतर हातमोजे आतली बाजू बाहेर येईल असे उलटे करून काढावेत आणि तेही त्याच दुसऱ्या पिशवीत टाकून तिचेही तोंड बांधावे. शेवटी साबणाने हात धुवावेत. दुसऱ्या दिवशी मला कळले की हातमोजे घालण्यापूर्वीच पिशवीचे तोंड उघडून ठेवावे लागते. एरवी मळलेल्या बोटांनी प्लास्टिकची चिकटलेली टोके सोडवत बसावे लागते आणि नकळत तेच बोट दाराच्या मुठीला लागते.

मल संडासातून सोडून द्यावा की साठवावा, याबाबत केंद्रांच्या सूचना वेगवेगळ्या असतात. काही केंद्रे पाण्यात विरघळणारे लिटर वापरून ते नगरपालिकेच्या सांडपाणी वाहिनीत सोडण्याची मुभा देतात. घराला सेप्टिक टँक असेल, तर आधी केंद्राला विचारल्याशिवाय असे करू नये. मातीचे गोळा होणारे लिटर कधीही संडासात टाकू नये, नळ तुंबतो. कॅलिफोर्नियात तर मांजराचे लिटर संडासात न टाकण्याची सूचना त्याच्या पाकिटावर छापावी लागते, कारण विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी समुद्रातल्या पाणमांजरांपर्यंत पोचतो. आम्ही साठवण्याचा मार्ग निवडला आणि माझ्या मते ज्यांच्याकडे गराज आहे त्यांनी तोच निवडावा. त्यात शंकेला जागा उरत नाही.

रोजच्या कचऱ्यात मात्र हे लिटर टाकू नये. येथील अनेक कचरा डेपोंच्या दारावर किरणोत्सर्ग शोधणारी उपकरणे बसवलेली असतात आणि ती अतिशय संवेदनशील असतात. मांजराच्या लघवीचे दोन-चार खडेसुद्धा त्यांना पुरतात. भोंगा वाजला की गाडी बाजूला घेतात, कचरा उपसून पिशवी शोधतात आणि आतल्या कागदपत्रांवरून किंवा गाडीच्या फेरीवरून ती कोणत्या घरची हे ठरवतात. त्याचा खर्च व दंड मांजराच्या मालकाच्या किंवा केंद्राच्या माथी बसू शकतो.

आमच्याकडे सहाव्या दिवशी असे घडता घडता राहिले. माझ्या सासूबाई भारतातून आल्या होत्या. न्हाणीघरात ठेवलेली बांधलेली पिशवी त्यांना दिसली आणि घरात घाण कशाला, म्हणून त्यांनी ती नेऊन बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी येण्यापूर्वी पिशव्या मोजताना मला एक कमी भरली, आणि हातमोजे घालून डब्यात कमरेपर्यंत वाकून मी ती शोधून काढली. चूक माझी होती. पिशवीवर मी काही लिहिले नव्हते, आणि घरातल्या सर्वांना मराठीत दोन वाक्ये सांगण्याऐवजी इंग्रजी सूचनापत्र फ्रिजवर चिकटवून मोकळी झाले होते. त्या दिवसापासून प्रत्येक पिशवीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर तारीख आणि "टाकू नये" एवढे दोन शब्द लिहू लागले.

जवळीक किती आणि कोणाची

मांजराला हात लावायचाच नाही, असे नाही. अमेरिकेत किरणोत्सारी पदार्थ वापरण्याचा परवाना असलेल्यांच्या कामामुळे सर्वसामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) अधिक मात्रा मिळू नये असा नियम आहे, आणि निसर्गातूनच आपल्याला दर वर्षी सुमारे ३ मिलिसिव्हर्ट मिळत असतात. घरच्या सूचना पाळल्या की माणूस या १ मिलिसिव्हर्टच्या बराच आत राहतो. त्यासाठी उपयोगी पडतात त्या दोनच गोष्टी, वेळ आणि अंतर. अंतर तिप्पट झाले की मात्रा साधारण एक नवमांश होते. म्हणजे मांजर मांडीवरून उठून तीन फुटांवरच्या उशीवर जाऊन बसले, एवढ्याने बहुतेक काम होते. दिवसातून काही मिनिटे पाठीवरून हात फिरवावा, लगेच हात धुवावेत आणि उरलेला वेळ तीन फुटांचे अंतर राखावे. मांडीवर घेऊन तासभर टीव्ही पाहणे, तोंडाला तोंड लावणे, चाटू देणे हे दोन आठवडे बंद.

झोपेचा प्रश्न सर्वांत अवघड असतो, कारण वेळ आणि अंतर या दोन्ही बाबतींत तो आपल्या विरोधात जातो. पायाशी झोपलेले मांजर सात-आठ तास तेथेच असते. झोपण्याच्या खोलीचे दार लावून घ्यावे. चिंगी पहिल्या तीन रात्री दारावर ओरखडे काढत राहिली आणि चौथ्या रात्री स्वतःहून स्वयंपाकघरातल्या हीटरजवळ जाऊन झोपली.

अठरा वर्षांखालील मुलांनी आणि गर्भवती स्त्रियांनी या काळात मांजराला स्पर्श टाळावा आणि शक्यतो त्याच खोलीत बसू नये. लहान वयातील थायरॉइड किरणोत्सर्गाला अधिक संवेदनशील असते, आणि गर्भाची थायरॉइड ग्रंथी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून आयोडीन गोळा करू लागते. रांगणारे मूल असेल, तर दोन आठवडे मांजर दुसरीकडे ठेवण्याची किंवा केंद्रातच मुक्काम वाढवण्याची व्यवस्था करणे बरे. जमिनीवर हात टेकत फिरणाऱ्या आणि तेच हात तोंडात घालणाऱ्या मुलावर अष्टौप्रहर नजर ठेवणे कोणालाच जमत नाही. खबरदारी म्हणून कोणी पोटॅशियम आयोडाइडच्या (थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीन घेण्यापासून रोखणाऱ्या) गोळ्या घेण्याचा सल्ला दिला, तर तो ऐकू नये. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या ना माणसाला द्याव्यात ना मांजराला.

मांजराला घराबाहेर सोडू नये. त्याची खाण्यापिण्याची भांडी वेगळी ठेवून वेगळी धुवावीत किंवा कागदी ताटल्या वापराव्यात. त्याचे अंथरूण निराळे धुवावे. स्वयंपाकाच्या ओट्यावर, जेवणाच्या टेबलावर आणि देवघरात त्याला येऊ देऊ नये. आमच्याकडे देव्हारा जमिनीलगत असल्याने तो तेवढ्यापुरता वरच्या कपाटात गेला. उलटी, केसांचा गोळा किंवा बाहेर झालेली लघवी दिसल्यास हातमोजे घालून, कागदी टॉवेलने कडेकडून मध्याकडे पुसावी, साबणाच्या पाण्याने ती जागा पुन्हा पुसावी आणि ते सारे टॉवेल लिटरच्याच पिशव्यांत टाकावेत.

घरात दुसरे मांजर किंवा कुत्रे असले तर त्यांना विशेष धोका नसतो, असे बहुतेक केंद्रे सांगतात. दोन मांजरांचा लिटर बॉक्स एकच असेल, तर मात्र कोणाचा मल कोणता हे ओळखता येत नसल्याने तो सगळाच किरणोत्सारी समजून साठवावा लागतो. दोन आठवडे वेगळ्या खोल्या ठेवल्या की साठवणीचे काम निम्मे होते.

हाच प्रश्न उलट बाजूनेही येतो, आणि महाराष्ट्रातल्या वाचकांना बहुधा तोच अधिक जवळचा असेल. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये मुंबईत परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन केले आणि तेथे कित्येक वर्षे थायरॉइडच्या रुग्णांवर आयोडीन-१३१ चे उपचार होत आहेत. उपचार माणसावर झालेला असेल आणि घरी मांजर किंवा कुत्रे असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत त्याला आपल्या अंथरुणात व मांडीवर घेऊ नये, आपल्या ताटातले उष्टे घालू नये, हाततोंड चाटू देऊ नये आणि संडासाचे झाकण पाडून ठेवावे, कारण पुष्कळ कुत्री तेथले पाणी पितात. रुग्णाच्या घामाचा आणि लाळेचा अंश प्राण्याच्या केसांना लागून घरातल्या मुलापर्यंत पोचू नये, हे त्यामागचे मोठे कारण आहे.

मध्येच आजारपण आले तर

या दोन आठवड्यांत मांजर खाईनासे झाले किंवा त्याला श्वास घेणे जड गेले, तर पशुवैद्याकडे जरूर न्यावे; पण दाराशीच किरणोत्सारी आयोडीनच्या इंजेक्शनची तारीख आणि केंद्राचा दूरध्वनी सांगावा, म्हणजे लघवीचे व रक्ताचे नमुने ते त्याप्रमाणे हाताळतील. दुर्दैवाने मांजर दगावले, तर लगेच पुरू किंवा दहन करू नये. आधी केंद्राला कळवावे. देह काही काळ गोठवून ठेवण्याची व्यवस्था त्यांना माहीत असते. म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत हे आधीच विचारून ठेवावे, कारण त्या वेळी विचारण्याची मनःस्थिती राहत नाही.

ऐंशी दिवस

चिंगी १ मार्चला घरी आली. चौदावा दिवस १४ मार्चला भरला. त्या दिवशी मी लिटर बॉक्समधील उरलेले सगळे लिटर, आतले प्लास्टिक आणि झारासुद्धा शेवटच्या पिशवीत भरून बांधले आणि बॉक्स साबणाने धुतला. ऐंशी दिवस मोजायचे ते शेवटची पिशवी बांधली त्या तारखेपासून; आमच्या बाबतीत तो दिवस २ जून आला. ऐंशी दिवस म्हणजे दहा अर्धायुष्ये, आणि दहा वेळा निम्मे करत गेल्यावर मूळच्या किरणोत्सारितेचा एक हजार चोविसावा भाग उरतो. काही केंद्रे नव्वद दिवस सांगतात, तेव्हा कागद पुन्हा पाहून घ्यावा. उन्हाळ्यात वास सुटू नये म्हणून डब्यात पिशव्यांच्या मधल्या जागेत कोरडे लिटर ओतावे, आणि उंदरांचा त्रास असेल तर डबा जाड प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा घ्यावा.

पहिल्या महिन्याच्या रक्ततपासणीला चिंगीला नेले, तेव्हा तिच्या पिशव्या अजून गराजमध्येच होत्या. ही तपासणी चुकवू नये, कारण थायरॉइडची पातळी फार खाली जाते आहे का, आणि वाढलेल्या रक्तप्रवाहामुळे झाकला गेलेला मूत्रपिंडाचा आजार आता उघडा पडतो आहे का, हे त्यातून कळते. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यातही ती बहुधा पुन्हा करावी लागते. २ जूनला मी डब्यातल्या पिशव्या मोजल्या, त्या वहीतल्या नोंदीशी जुळल्या, आणि चिकटपट्ट्या काढून टाकून त्या नेहमीच्या कचऱ्यात दोन फेऱ्यांत दिल्या. सासूबाई तोवर पुण्याला परत गेल्या होत्या. त्यांना दूरध्वनीवर सांगितले, तेव्हा त्यांनी आधी झारा नवा आणला का, हे विचारले.